पुसेगावची मापं

मास्तर,

तुमची मुलगी दुकानात येऊन गेली. गेल्या बाजाराच्या दिवशी, दुपारी. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं म्हणून कागद घेतला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली हे मला माहीत आहे आणि पाकिटावर लिहायला पत्ता नाही हेही माहीत आहे. पण चौदा वर्षं जेलच्या पत्त्यावर पत्र लिहायची सवय लागली होती, ती काही माणूस गेलं म्हणून लगेच जात नाही. वहीत गिऱ्हाइकाचं नाव लिहिताना अजूनही कधीकधी तुमचा कैदी नंबर उमटतो आणि मग तो खोडावा लागतो.

जवळ्याच्या बाजाराची गर्दी होती. तिचा नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून मोबाइल बघत होता. ती आत आली, ब्लाउजचं कापड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, अस्तराचं शिवायचं हाय." मी माप घेतलं, वहीत लिहिलं, नाव विचारलं. नाव सांगून ती म्हणाली, "माहेर पुसेगाव. तुमी वळखलं न्हाई मला." मी म्हणाले, "आता वळखलं." मला त्या वेळी काहीतरी व्हायला हवं होतं, मास्तर. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. तसलं काही झालं नाही. टेप गुंडाळला आणि गळा मागून किती खोल ठेवायचा ते विचारलं. तिनं चार बोटं दाखवली. मग खुर्चीवर बसली आणि जे विचारायला आली होती ते विचारलं.

"आजी गेली. मग मामीनं सांगितलं का जवळ्याच्या टेलर बाईला ते जेलातून लै पत्रं लिहायचे. हायत काय?"

"हायत."

"त्यात माझ्या आईबद्दल काय लिहिलंय? काहून मारलं, मागून पस्तावा झाला का, असं काही?"

मी म्हणाले, "शोधून ठेवते. पुढच्या बाजाराला ये." ती व्हय म्हणाली आणि गेली. उद्या बाजार आहे.

तिला द्यायला माझ्याकडे काय आहे ते बघावं म्हणून मी पहिल्यापासून आठवत बसले. मी अठरा वर्षांची आहे. तुमच्या दुकानात काजं करते, हूक लावते, तुरपाई करते. मशीनला हात लावायची परवानगी नाही. तुमच्या घरून वहिनी अकराच्या सुमाराला चहा पाठवतात, कधी स्वतः घेऊन येतात, लेकरू कडेवर असतं. त्या दिवशी तुम्ही दुपारी जेवायला घरी जाता आणि नेहमीपेक्षा लवकर परत येता. मशीनवर बसता. एका नवरदेवाचा शर्ट अर्धा राहिलेला असतो, त्याची कॉलर लावता, बाह्या जोडता, दोरे तोडता आणि माझ्याकडे काजांना देता. म्हणता, "उद्या न्यायला येतील. देऊन टाक." मग बादलीतल्या पाण्यानं हात धुता, चप्पल घालता आणि पोलीस चौकीकडे चालत जाता. मला वाटतं तुम्ही पान खायला चाललात. थोड्या वेळानं लोक पळत येतात तेव्हा कळतं की घरी वहिनी पडल्यात, डोक्यात कोळशाची इस्त्री घातली म्हणून. लेकरू शेजारी झोपलं होतं म्हणून वाचलं, असं बायका म्हणत होत्या. माझं चौथं काज चाललं होतं. लोक बोलत होते आणि मी ते पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी शर्ट दिलासुद्धा. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी बधिर झालं ते तसंच आहे, मला त्याचा त्रासही होत नाही.

तुम्हाला जन्मठेप झाली. त्यानंतर काही महिन्यांनी पहिलं पत्र आलं, तपासल्याचा शिक्का मारलेलं. मला वाटलं रडरड असेल, माफी असेल, देवाचं काहीतरी असेल. तुम्ही लिहिलं होतं, "कपाटाच्या खालच्या खणात सहा जणांचे कपडे कापून ठेवलेत. वरीस झालं असल. लोकांचं कापड असं पडून राहू नये. तू शीव." बस, एवढंच. घरी वडिलांनी, दादांनी, पत्र वाचलं आणि माझ्यावर ओरडले, "खुनी माणसाचं पत्र घरात ठिवू नको. आणि त्याच्या हातचं कापलेलं कोण अंगात घालणार हाय?" त्या सहा जणांत त्यांचाही एक सदरा होता. दोन दिवस ते तोंड पाडून बसले आणि तिसऱ्या दिवशी माझं उत्तर स्वतः पोस्टात टाकून आले. बाकीच्या गिऱ्हाइकांचंही तसंच झालं. सहा महिने लोकांनी दुकानाकडे बघून तोंड फिरवलं आणि लग्नसराई तोंडावर आली तशी सगळी तोंडं पुन्हा वळली.

मला बाही जोडता येत नव्हती. शिवली की खांद्यावर फुगायची. मग मी जुन्या पेपरवर ब्लाउजचा मुंढा आखला, म्हणजे बाही बसते ती बगलेची गोलाई, त्यावर खुणा केल्या, आकडे टाकले आणि कुठं चुकतंय ते विचारायला तो कागद पत्रात घालून पाठवला. तुम्हाला जेलच्या साहेबापुढे उभं केलं. कसला नकाशा आहे, कुठली भिंत आहे, हे आकडे कसले, असं तासभर विचारलं. तुम्ही मला लिहिलं, "मी सांगितलं साहेब बाईच्या ब्लाउजचा मुंढा हाय. तर ते जास्तच चिडले." मी ते वाचून दुकानात एकटीच हसले होते. पुढं लिहिलं होतं, "आता रेघ काढू नको. मी पण काढत न्हाई. तोंडानं सांगू, तोंडानंच शिकू."

मग तसंच शिकवलंत. चौदा वर्षांत एक रेघ नाही. मी कापड पसरायची, एका हातात खडू, दुसऱ्या हातात पत्र. "खांद्यावरून सरळ खाली ये. साडेसात इंचावर थांब. आता गोलाई घे, पर घाई करू नको. भाकर थापताना कड जशी हातानं फिरविती तशी फिरव. मागचा मुंढा उथळ, पुढचा खोल. माणूस हात पुढं करतो, मागं कवा करतो?" मी खडू फिरवायची आणि ती गोलाई खरंच यायची. नंतर मी औंढ्याला एका क्लासमध्ये गेले होते, तिथं फळ्यावर काढून दाखवायचे. मला फळ्यावरचं काही कळेना. बाईंना म्हटलं, तोंडानं सांगा, तर त्या बघतच राहिल्या.

रागवायचातही. एकदा मी लिहिलं होतं की अमुक एक बाई आली होती, तिचं माप घ्यायला टेप पुरेना, मला हसू आवरेना. तुमचं पुढचं पत्र अर्ध्या पानाचं आलं. "माप घेताना हसायचं न्हाई, मोठ्यानं वाचायचं न्हाई, दुसऱ्याला सांगायचं न्हाई. आपल्या अंगाचं माप कुणी इश्वासाशिवाय देत न्हाई. पुन्हा असं लिहिलं तर मी शिकवणार न्हाई." मी खूप दिवस ते पत्र मशीनच्या खणात ठेवलं होतं. बायको मारलेला माणूस मला हे शिकवतोय, असं तेव्हा मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. आलं आणि गेलं. सांगितलेलं मात्र आजपर्यंत पाळलं.

तुम्ही जेलच्या शिवणकामात होता. कैद्यांच्या चड्ड्या, सदरे, टोप्या. "इथं मापं तीनच. लहान, मधलं, मोठं. माणूस त्यात बसवायचा," असं लिहायचात. दुसऱ्याच वर्षी तुम्ही मला पुसेगावला जायला सांगितलं. मुलगी तिथं आजीकडे होती. "तिचं माप घेऊन ये. मी हितून कापून सांगतो, तू शीव आणि नेऊन दे. माझं नाव सांगू नको." मी दोन गाड्या बदलून गेले. वहिनींची आई ओट्यावर गहू निवडत होती. मी कोण ते सांगितलं. म्हातारीनं नातीला पुढं केलं आणि ती गहू निवडत राहिली. चार वर्षांची पोर, टेपनं गुदगुल्या होत होत्या तर हसत होती. ते माप मी तुम्हाला कळवलं आणि तुम्ही चार पानांचा फ्रॉक पाठवलात. पिवळा, कंबरेला चुण्या, मागं नाडी. शिवून नेऊन दिला तेव्हा म्हातारीनं घेतला. पुढच्या वर्षी गेले तेव्हा ती दारातच आडवी झाली. म्हणाली, "बाई, तुझ्याशी माझं काई वाकडं न्हाई. पर तो तिकडं बसून माझ्या नातीचं अंग मोजून राहिला, हे माझ्यानं बघवत न्हाई. माझ्या लेकीचंबी माप त्याला पाठ होतं. पुन्हा येऊ नको." मी पाणीसुद्धा न पिता परत फिरले. तिचं काहीच चूक नव्हतं.

गाडीत बसल्याबसल्या ठरवलं होतं की तुम्हाला खरं लिहायचं. घरी आले तर भावाची मुलगी दारात खेळत होती. तुमच्या मुलीच्याच वयाची. मी पिशवीतून टेप काढला आणि तिचं माप घेतलं. छाती, कंबर, उंची, बाही. ते तुम्हाला लिहिलं. खाली लिहिलं, पोरगी खुशाल आहे. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, एक काम उरकल्यासारखं वाटलं.

मग ते चालूच राहिलं. दर वर्षी दिवाळीच्या आधी मी भाचीचं माप पाठवायची आणि तुम्ही त्या मापाचा कपडा पत्रातून पाठवायचात. फ्रॉक झाले, परकर-पोलकी झाली, मग पंजाबी ड्रेस. शिवून भाचीलाच घालायची. अख्ख्या जवळ्यात तिच्यासारखे कपडे कुणाचे नव्हते, माझ्या भावजयीला वाटायचं आत्याचा फार जीव आहे. तुम्ही विचारायचात, "नीट बसला का? हात वर केला तर खांद्यात वढत न्हाई ना?" मी लिहायची, नीट बसला. ते खरंच असायचं.

एका वर्षी भाचीला टायफॉईड झाला. महिनाभर अंथरुणात होती. उठली तेव्हा मी सवयीनं माप घेतलं आणि होतं तसं लिहून पाठवलं, मागच्या वर्षीशी ताडून बघायचं डोक्यातच आलं नाही. तुमचं पत्र उलट टपाली आलं. "छाती दीड इंच कमी कशी? लेकरू आजारी होतं काय? खरं सांग." मी काय लिहिणार होते? टायफॉईड झाला होता, आता बरी आहे, असं लिहिलं. त्या महिन्याची तुमची सगळी पत्रं त्यातच संपली. भात मऊ द्या, उसाचा रस देऊ नका, केस गळतील तर घाबरू नका. तुम्ही आठ सोमवार धरलेत. पुसेगावची तुमची पोरगी त्या वर्षी शाळेत धावण्यात पहिली आली होती, हे मला गेल्या बाजारी तिनंच सांगितलं.

पुढं चार-पाच वर्षांनी एक पत्र आलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. "हितं आपल्या भागातला एक जण आलाय. पुसेगावचाच हाय, त्यांच्या गल्लीतला. तो सांगतो, पोरगी बापावर गेली, लै उंच झाली, दारातून वाकून जाती. तू लिहिलेली उंची बघितली. असू दे. तू माप पाठवीत जा. बंद करू नको. हितं तीनच मापं हायत. मला एक तरी खऱ्या लेकराचं माप पाहिजे, कुणाचं का असंना." त्याच्या खाली नेहमीसारखं शिवण सुरू होतं, चुडीदारचं. मी उत्तर लिहिलं ते फक्त चुडीदारचं. वरचं वाचलंच नाही असं दाखवलं. तुम्हाला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि दिवाळीच्या आधी मी भाचीचं माप पाठवलं. तुम्ही लिहिलं, "आलं. औंदा बाही एक इंच वाढली. छान."

शेवटचं माप भाचीच्या अठराव्या वर्षाचं होतं. ते पाकीट परत आलं. वर लाल शाईनं लिहिलं होतं, कैदी मयत. मी ते पाकीट फोडलं नाही, पिशवीत टाकलं आणि त्या दिवशीच्या तीन ब्लाउजांना हूक लावले. संध्याकाळी वरण-भात खाल्ला. दादा म्हणाले, "सुटला." तेवढंच.

तर या आठवड्यात दुपारच्या वेळी अर्धं शटर ओढून मी सगळी पत्रं काढली. दोन पिशव्या भरतात. पहिल्यापासून वाचली. मुंढा, गळा, कळी, काज, बक्रम, आडव्या विणीचं कापड, उभ्या विणीचं कापड. पावसाळ्यात खडू दमट होतो, तो चुलीजवळ ठेव. वहिनींचं नाव नाही. तुमची बायको म्हणून नाही, पोरीची आई म्हणून नाही, चहा घेऊन यायची ती म्हणूनही नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही. एका पत्रात मात्र मी थांबले. माझं लग्न होऊन मी आठ महिन्यांत परत आले तेव्हाचं आहे ते. नवरा मारायचा, असं मी तुम्हाला लिहिलं होतं, दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही लिहिलं होतं, "परत आली ते बराबर केलं. हात उचलणाऱ्या माणसाच्या घरात राहू नये. तो रडल, पाया पडल, लेकराची शपथ घील. तरी जाऊ नको. मी सांगतो." त्याच्या खाली चार-पाच ओळींची जागा कोरी सोडलेली आहे. कागद तुम्हाला मोजून मिळायचा, तुम्ही समासातसुद्धा लिहायचात. आणि मग खालून कटोरी ब्लाउज सुरू होतो.

मी परत गेले नाही, मास्तर. तो आला, रडला, पाया पडला, तुम्ही सांगितलं होतं त्याच क्रमानं. तरी गेले नाही. त्याबद्दल मी तुमचे उपकार मानते आणि ते मानताना मला वहिनींची लाज वाटते. दोन्ही एकदमच वाटतं, त्यातलं एक सोडून देता येत नाही.

ब्लाउज तयार आहे. तुमची मुलगी खरंच उंच आहे, पाठीची लांबी घेताना मला टाचा वर कराव्या लागल्या. उद्या तिला दोन्ही पिशव्या देईन. कोऱ्या ओळींचं ते एक पत्र वर ठेवीन. तिच्या आईबद्दल त्यात काही नाही हे सांगेन. मापं माझ्या भाचीची होती आणि ते तुम्हाला माहीत होतं, हेही सांगेन. ती चिडेल, रडेल किंवा उठून जाईल, मला अंदाज नाही. मला एकाच गोष्टीची भीती वाटते की ती माझ्याकडे बघून विचारेल, "चौदा वरसं तुमी त्यांना लिहीत होता, मग तुमी तरी काहून विचारलं न्हाई?"

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. परत जाऊ नको असं सांगणारं ते पत्र आलं त्याच दिवशी मी विचारलं होतं. कोऱ्या कागदावर पहिलंच वाक्य लिहिलं, मग वहिनीला काहून मारलं? हे वाचून तुमची पत्रं बंद होतील असं वाटलं. तो कागद मी फाडला, दुसरा घेतला आणि कटोरीचा पुढचा टक किती आत घ्यायचा ते विचारलं. लग्नसराई महिन्यावर आली होती आणि मला अजून कटोरी येत नव्हती.